लाल रेघ उजव्या हाताला

भादवा आला की मला ओल्या दगडाचा वास येतो. घरात दगड नाही, बिल्डिंगखाली फरशी आहे ती सिमेंटची. तरी येतो. सकाळी पावसाची एक सर पडून जाते, मागोमाग ऊन असं टोचतं की मान भाजते. उरल्यासुरल्या शेतात भात निसवलेलं असतं, वारा बंद असतो, आणि तेवढ्यात तो वास येतो. ताज्या चुन्याचा आणि त्याच्या आत कुठेतरी रॉकेलचा. बायको म्हणते, "अवो, गटाराचा वास असंल. दगडाला कदी वास असतो का?"

असतो. मी जन्म दगडात काढलाय, मला कोणी शिकवू नये.

माझं शिक्षण चौथी. आमचं गाव द्रोणागिरीच्या बाजूला, आता तिथे कंटेनरची गोदामं आहेत. बाप मिठागरात राबायचा, मीही त्याच्या मागे चिखल तुडवला. जमीन गेली, मिठागर गेलं, आणि त्याच्या बदल्यात मला पनवेलला एका तेल कंपनीत नोकरी लागली. खलाशी म्हणून कागदावर, पण जहाजावर नाही. गोदामात. तिथे समुद्राच्या तळाखालून काढलेले दगड ठेवत. गावात हसायचे. "हऱ्या, मीठ राखायचास, आता दगड राखतोस. दगड काय पलून जातंय?" मी म्हणायचो, तुमच्या बापाला तरी माहीत आहे का, दगडात तेल कसं असतं ते.

लोकांना वाटतं जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तळं नसतं. दगडच असतो, पण बारीक बारीक भोकांचा, जाळीदार, शिळ्या आंबोळीसारखा. त्या भोकांत तेल बसलेलं. वर तेल आणि खाली खारं पाणी. समुद्रात विहीर खणताना त्या दगडाचा एक लांब गोल दांडा कापून वर आणतात. त्याला कोअर म्हणतात. दांडा वाटेत तुटतो, तुकडे होतात, ते तुकडे लाकडी खोक्यांत ओळीने निजवायचे, आणि खोके रांगेत लावायचे. हे माझं काम. साहेब लोक येत, खोके मांडायला सांगत, स्पंजाने दगड भिजवून भिंगातून बघत. ते बघून ठरायचं की पुढच्या विहिरी कुठे मारायच्या, किती खोल जायचं, कुठे थांबायचं. एवढ्या मोठ्या समुद्रातल्या कामाची सुरुवात माझ्या टेबलावरून व्हायची. हे मी गर्वाने सांगतो, कारण ते खरं आहे.

आता यातली मेख. दगड हातात घेतला की त्याचं वर कुठलं आणि खाली कुठलं, हे दगड सांगत नाही. म्हणून तो वर येताक्षणी त्याच्या अंगावर दोन रेघा मारतात, शेजारी शेजारी, लाल आणि काळी. दगड उभा धरायचा, रेघा आपल्याकडे करायच्या. लाल उजव्या हाताला आली तर डोकं वर आहे. डाव्या हाताला आली तर तुम्ही दगड उलटा धरलाय. एवढंच. पण या एवढ्यावर सगळं उभं.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला, नवीन जागी रिग, म्हणजे विहीर खणायचा तरंगता सांगाडा, हलवत नाहीत. म्हणून आषाढापासून भादव्यापर्यंत ऑफिसात कागदाची कामं चालायची. दसरा झाला की रिग निघणार, त्याआधी नकाशे पक्के व्हायला हवेत. त्या साली ते काम नंदिनी मॅडमकडे होतं. बारीक चणीच्या बाई, पुण्याच्या. भिंग गळ्यात काळ्या दोरीला. त्यांच्याआधी मला कोणी 'भाऊ' म्हणालं नव्हतं, 'ए खलाशी' म्हणत.

त्यांनी एकदा कागदावर मला काढून दाखवलं. "हरीभाऊ, हा तेलाचा दगड. हे खाली पाणी. आणि मधे चिकणमातीचा हा एवढा पातळ थर. हा थर म्हणजे फरशी. फरशीच्या वर थांबलो तर तेल मिळेल. फरशी फोडली तर खालचं पाणी वर येईल, आणि एकदा त्याला वाट सापडली की मग ते तेलाला येऊ देणार नाही."

मी म्हणालो, "मॅडम, हे मला माझ्या बापाने शिकवलंय."

त्या हसल्या. त्यांना वाटलं थट्टा करतोय. पण मिठागरात हेच असतं. मीठ पिकवायच्या आधी तळ तुडवावा लागतो, अनवाणी, दिवसचे दिवस, चिखल लोण्यासारखा होऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होईपर्यंत. बाप मागून ओरडायचा, "टाच दाब! खाली दर्या वाट बगत बसलेला हाय. एक भेग मिलाली का आत आला." मी लहानपणी तुडवताना खाली कान लावायचो. मला वाटायचं, तो खरंच बसलाय, तोंड वर करून.

त्या सालच्या श्रावणात गोदामाचं छप्पर गळलं. एका बाजूची सगळी रांग भिजली. लाकूड कुजलं, खोक्यांचे तळ सुटले, दगड खाली आले. साहेबांनी सांगितलं, नवे खोके मागवलेत, हरी, बदलून घे. मदतीला माणूस देऊ का म्हणाले. मी नको म्हणालो. दुसऱ्याच्या हाताला दगड द्यायचे म्हणजे उलटेपालटे करून ठेवतील.

मी एकट्याने रांग बदलली. दगड पुसायचा, रेघा बघायच्या, नव्या खोक्यात निजवायचा, पुसट झालेल्या रेघा नव्या रंगाने पुन्हा ओढायच्या. बहुतेक दगडांवर रेघा दिसत होत्या. काहींवर नव्हत्या. ओलीने लाल रंग काळवंडला होता आणि काळा फिकटला होता, दोन्ही एकसारखे मातकट. मी असा दगड घेऊन दारापाशी उजेडात जायचो, फिरवून बघायचो. कळायचं नाही.

मग मी माझं डोकं चालवलं. ज्या दगडाला एका टोकाला चिकणमाती होती, त्याचं ते टोक मी खाली ठेवलं. कारण चिकणमाती खालीच असते. तळ चिकणमातीचा असतो, वर पाणी, वर मीठ. हे जगात कोणाला विचारायची गरज आहे? बापाच्या टाचांनी दाबलेली माती माझ्या डोक्यात खाली होती, आणि खालीच राहिली. मी ती खाली ठेवली, आणि वरून लाल रेघ मारली. उजव्या हाताला. ठसठशीत.

विचारायला हवं होतं. मॅडम दोन खोल्या सोडून बसत होत्या. पण विचारणं म्हणजे मला कळत नाही म्हणणं. ते माझ्या तोंडातून निघत नसे. आजही सहज निघत नाही.

हल्ली पळस्प्याकडे जाताना बस मोकळ्यावर आली की लांबवर विमानतळाची बाजू दिसते. तिथे टेकडी होती. ती कापून, तिचाच भराव करून खाडी भरली. माथ्यावरची माती तळाला गेली, पोटातला काळा दगड वर आला. सगळ्यावर आता डांबर आहे. शंभर वर्षांनी कोणी तिथे खणलं तर त्याला वाटेल, इथे असंच होतं. त्याला कोण सांगणार? जे वर दिसतं ते वरचंच असेल, असं आपण धरून चालतो. मला ते बघवत नाही. मी खिडकीतून तोंड फिरवतो.

भादव्यात मॅडमनी ती रांग मांडायला सांगितली. नव्या विहिरी कुठवर खोल न्यायच्या ते एका कोअरवर अडलं होतं. विहिरीत तारेने जे यंत्र सोडतात त्याने त्या जागी नीट दाखवलं नव्हतं, तिथे भोकाची भिंत ढासळलेली. म्हणून दगडावरच भिस्त. त्यांनी एक खोका बराच वेळ बघितला.

"हरीभाऊ, फरशी मला वाटली होती त्यापेक्षा खाली दिसतेय. हा दगड सरळ आहे ना? खात्री आहे?"

"मॅडम," मी म्हणालो, "माझ्या हातून दगड उलटा पडत नाय."

शेजारचे दोघे साहेब हसले. एक म्हणाला, "हरी म्हणजे पाणसळ आहे आपली." मॅडमनी मान डोलावली आणि कागदावर फरशीची रेघ खाली ओढली.

तीन-चार दिवसांनी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी दगड उन्हाला लावले होते. उगाच चाळा म्हणून त्याच खोक्यातला दगड स्पंजाने भिजवला. भिजला की दगड बोलतो, कोरडा मुका असतो. त्यात एक शिंपला दिसला, कापला गेलेला, नखाएवढा. अर्धा मातकट गाळाने भरलेला, अर्धा पांढऱ्याशुभ्र स्फटिकाने.

मॅडमनीच मला पूर्वी दाखवलं होतं. शिंपला समुद्राच्या तळाशी पडतो, त्याच्या पोटात थोडा गाळ शिरतो आणि खाली बसतो. वरची जागा रिकामी राहते, तिथे पुढे स्फटिक धरतो. गाळ खाली, पांढरं वर. माणसाची रेघ चुकेल, हा चुकणार नाही.

माझ्यासमोरच्या शिंपल्यात गाळ वर होता.

मी दुसरा शिंपला शोधला. त्यातही वर. स्पंजातलं पाणी माझ्या पायावर गळत होतं. म्हणजे फरशी खाली नव्हती, वर होती. मॅडम जो दगड तेलाचा म्हणून धरत होत्या तो फरशीच्या खालचा, पाण्याचा. दसऱ्यानंतर रिग जाणार, माझ्या रेघेवर भरवसा ठेवून बरोब्बर फरशी फोडून खाली उतरणार. एक विहीर नाही, त्या बाजूच्या सगळ्या. आणि खाली तो बसलेला, तोंड वर करून.

मी दगड पुसला. कोरडा केला. खोका जागेवर ठेवला.

त्या आठवड्यात माझ्या बापाची तिथ होती. बायकोने पान वाढलं, मी कौलावर ठेवलं. कावळे आंब्यावर बसलेले, पण एक खाली येईना. ऊन चढलं, भात सुकायला लागला. घरातली पोरं भुकेली.

"शिवत नाय कावला," बायको खालून म्हणाली. "बाबांचं कायतरी ऱ्हायलं असंल. बोला की कायतरी! कबूल करा."

सगळे म्हणतात, पोरांना बघीन, घर सांभाळीन. मी तिथे उन्हात हात जोडून हळूच म्हणालो, "सांगीन मॅडमला." कावळा आला. हे मी घडलं तसं लिहितोय, कोणाला पटो न पटो.

दुसऱ्या दिवशी गेलो. मॅडमच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता, सह्यांसाठी निघायच्या बेतात. मी दगडच घेऊन गेलो, ओला करून. शिंपल्यावर बोट ठेवलं.

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ वर बघितलंच नाही. मग खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा पांढरा पडलेला.

"रेघ कोणी मारली?"

"मीच."

"पुसट होती?"

"होय."

"मग मला का नाही विचारलंत?"

त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला आजवर भादव्यात ऐकू येतो. "हरीभाऊ, असे किती खोके आहेत? अंदाजाने रेघ मारलेले?"

बाहेर पावसाची सर आली होती, पत्र्यावर वाजत होती. मला माहीत होतं की अजून आहेत. दहा की वीस, मोजले नव्हते. पण माझी मान ताठ होती, शिपाई दारात उभा राहून ऐकत होता, आणि मी म्हणालो, "एकच."

"नक्की?"

"एकच, मॅडम."

त्यांनी नकाशा बदलला. फरशी वर आली, विहिरी वर थांबल्या. त्यांतून तेल चांगलं आलं असं कानावर पडायचं. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, हरीभाऊंनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो. टाळ्या पडल्या. मी निवृत्त झालो तेव्हा शाल-नारळ देताना मोठ्या साहेबांनी हीच गोष्ट सांगितली. मी शाल अंगावर घेतली. मॅडम त्याआधीच बदलून गेल्या होत्या. कावळ्याला अर्धं वचन कळत नाही, त्याने तेव्हाच खाऊन टाकलं होतं.

मधल्या वर्षांत मी स्वतःला समजावत आलो. बाकीचे दगड कुठल्या जुन्या विहिरींचे, कोण बघणार. काहींवर माझा अंदाज बरोबरही आला असेल. निम्मे तरी सरळ असतील. नवीन पनवेलला मुलाच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, सकाळी फिरतो, संध्याकाळी म्हाताऱ्यांत बसतो. अकरा महिने काही होत नाही. भादवा लागतो आणि वास येतो. मग मी समुद्राच्या बाजूला बघायचं टाळतो. तिथे खोल कुठेतरी एखादी फरशी फुटलीय की शाबूत आहे, हे मला माहीत नाही. पाणी वर येत असताना आवाज होत नाही. मिठागरातही होत नसे. सकाळी बघावं तर मीठ विरघळलेलं.

यंदा गणपती गेले आणि फोन आला. मुलीचा आवाज, "हरीभाऊ पाटलांचा नंबर ना? मी तन्वी, कंपनीतून बोलतेय. आजोबा, आम्ही जुन्या भागात नव्या विहिरी आखतोय. जुने सगळे दगड पुन्हा काढलेत, फोटो काढून कॉम्प्युटरला दगड वाचायला शिकवतोय. एका रांगेच्या खोक्यांवर कोपऱ्यात 'ह' लिहिलंय. तुम्हीच ना?"

"मीच."

"काय सुंदर ठेवलेत हो! दसऱ्यानंतर रिग निघणार. म्हटलं, ज्यांनी सांभाळले त्यांचे आभार मानावे."

फोन ठेवला. बायकोने विचारलं, "कोन व्हता?" मी म्हणालो, दगड होते.

तिला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती निवडत असलेली भाजी तशीच ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "येवढी वर्सं पोटात ठेवलंव? आनि मी समजत व्हते तुमाला पित्ताचा त्रास हाय." भाजी पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाली, "उद्या जावा. धोतर नको, प्यांट घाला."

गेलो. गोदाम आता थंडगार, यंत्राने गार केलेलं. वास नाही. तन्वी पोरगी माझ्या नातीच्या वयाची. तिच्याबरोबर तिचे साहेब, चाळिशीचे, नम्र. मी उभ्या उभ्या सांगितलं. रेघा पुसल्या होत्या, मी अंदाजाने मारल्या, मॅडमना खोटं बोललो.

"कुठले खोके, आजोबा?" तन्वीने विचारलं.

मी रांगेपाशी गेलो. एकेक झाकण काढून बघितलं. वाटलं होतं, ओळखेन. माझा हात मला ओळखू येणार नाही? पण सगळ्या रेघा सारख्या होत्या. जिथे मला खात्री होती तिथेही ठसठशीत, आणि जिथे काही कळत नव्हतं तिथेही तितक्याच ठसठशीत. कुठेही रेघ डळमळलेली नाही.

साहेबांनी दोन दगड उचलून बघितले. "आजोबा, रेघा तर एकदम पक्क्या आहेत," ते म्हणाले, लहान मुलाशी बोलावं तसं. "इतक्या वर्षांनी असं वाटतं माणसाला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बसा, चहा घ्या."

मग तन्वीकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. इंग्रजी मला येत नाही, पण 'वय' कुठल्याही भाषेत कळतं.

मी स्टूल ओढलं आणि रांगेसमोर बसलो. म्हणालो, "साहेब, चहा नको. स्पंज द्या आणि पाणी द्या. मी इथून उठणार नाय. पोलीस बोलवा, वॉचमन बोलवा. माझी पोरं म्हणतात मी अडेल आहे, ते खरं आहे."

तन्वीने साहेबांकडे बघितलं. मग तीच बादली घेऊन आली. पहिला दगड भिजवला, शिंपला नव्हता. दुसऱ्यात होता, गाळ खाली, सरळ. साहेब घड्याळ बघत होते. तिसऱ्यात काही नाही. चौथ्या दगडात तिने भिंग लावलं आणि ते काढलंच नाही. साहेबांनी विचारलं, "काय?" तिने दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावलं. मग हातातला मोबाईल टेबलावर उलटा ठेवला, बाह्या दुमडल्या, आणि माझ्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसले.

"पुढचा," ते म्हणाले.

त्याला आता आठवडा झाला. रोज सकाळी तन्वीची गाडी मला न्यायला येते. विहिरीतल्या यंत्राचे जुने कागदही ते ताडून बघतात, पण ज्या जागा कागदात अंधुक आहेत नेमक्या तिथलेच दगड माझ्याकडे येतात. सरळ निघाले ते डाव्या बाजूला ठेवतो, उलटे निघाले ते फिरवतो. ज्यांत शिंपला नाही, ज्यांत कसलीच खूण नाही, ते वेगळ्या टेबलावर. पहिल्या दिवशी तिथे दोन होते. आता टेबल पुरत नाही, जमिनीवर मांडावे लागतात. यांतल्या कुठल्या दगडावरून मागे कुठली विहीर मारली गेली, ते तन्वी संगणकात शोधते. सापडलं की मला सांगत नाही. मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो आणि विचारत नाही.

दसरा जवळ आलाय. रिग थांबवायची की नाही ते वरचे लोक ठरवतील. काल संध्याकाळी साहेबांनी चिकटपट्टीचे कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "हरीभाऊ, ह्या मुक्या दगडांवर काय लिहायचं? हात तुमचा होता, लिहायचंही तुम्हीच." आजोबा म्हणायचं त्यांनी सोडलंय.

मी लाल रेघा पुसून काढल्या, स्पिरिटने, एकेक. मग प्रत्येक दगडाच्या चिकटपट्टीवर चौथीच्या अक्षरात लिहिलं, वर कुठलं, खाली कुठलं, मला माहीत नाही.